वायवर्ण्याची साल

"आमच्या गावच्या दत्तोबाला तुमी डाक्टरांनी मारलं," नथूआबा खाटेवरून म्हणाला. "चालत गेलता पुण्याच्या दवाखान्यात. तुमी पोट फाडलं आन् चादरीत गुंडाळून दिला. आता माझ्याकडं आलात व्हय?"

डॉक्टर लोणावळ्याहून जीपने आला होता. त्याने पिशवीतून रबरी नळी काढली, तसे नथूने पाय आवळले. कालपासून लघवीचा थेंब नव्हता. ओटीपोट दगडासारखं झालं होतं.

"नळीने आता मोकळं वाटेल," डॉक्टर म्हणाला. "पण लघवीच्या वाटेवरची गाठ वाढलीय. पुण्याला नेऊन काढावीच लागेल. नाहीतर जिवावर बेतेल."

"मी शिदूच्या हाताखाली हाय." नथूने मनगटावरचा काळा दोरा दाखवला.

लोहगडाखालच्या गावांत हा नियम साऱ्यांना ठाऊक. औषध देणाऱ्याने दोरा बांधायचा आणि त्यानेच सोडायचा. तोवर दुसऱ्याचा हात अंगाला लागला तर औषध उलटतं. नियम कुणी केला, माहीत नाही. मोडून बघायची छाती कुणाची झाली नाही. म्हणून नथूच्या मुलाने, हौशीरामने, सकाळीच शिदूला बोलावणं धाडलं होतं.

शिदू ठाकर डोंगरावरच्या आदिवासी वाडीवरून उतरला. नेहमीसारखा जोत्याखाली मातीत बसला. वर ये, असं त्याला या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. रात्री सारखं उठावं लागणाऱ्या म्हाताऱ्यांना तो वायवर्ण्याची साल आणि गोखरू उकळून देई. पानशेतचं धरण फुटलं त्या साली नथूने त्याच्याकडून दोरा बांधून घेतला. सुरुवातीला बरंही वाटलं. मग धार बारीक होत गेली. घरात बायामाणसं, बोलायचं कुणाशी? नथू नुसता काढा वाढवत गेला.

"हात पुढं करा आबा. दोरा सोडतो," शिदू म्हणाला.

"का रं? वायवर्णा वाळला व्हय तुजा?"

"न्हाई. गाठ काढ्याला ऐकंना. पुण्याला जावा."

"दत्तोबाच्या वाटंनं? त्यापरीस हितं मरतो. तुजं काय जातंय सांगायला? तुजं पोट फाडलंय का कुणी?"

शिदू उठला आणि कुणाला न विचारता जोतं चढून वर आला. खाटेपाशी उभा राहून त्याने बंडी वर केली, लंगोट खाली सरकवला. बेंबीखाली उभा, वीतभर वण होता. जुना, पांढरा पडलेला.

"तुमास्नी दोरा बांधला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात," तो म्हणाला. "लेकीकडं कर्जतला गेलतो म्हनलो. पुण्याला व्हतो. हीच गाठ. काढली त्यांनी. मेलो न्हाई मी, आबा."

नथू त्या वणाकडे बघत राहिला. कळ आली, ती त्याने दात आवळून सोसली. मग मनगट पुढे केलं. शिदूने दोरा सोडला. डॉक्टर नळी घेऊन वाकला, तसा नथूने त्याला हाताने अडवला. नजर मात्र शिदूवरच होती.

"सोता कापून आलास. आन् मला साल पाजत बसलास. का?" तो म्हणाला. "आधी जबाब दे. तवर मला कुणी हात लावायचा न्हाई."