नावेवरची खाच

नदीवर पूल झाला, तेव्हा पांग नावाड्याने आपली नाव वाळूत ओढली आणि जळणासाठी तळाच्या फळ्या काढायला घेतल्या. तेवढ्यात वेई काकू आल्या. हातात पानात बांधलेला भात.

"बाकीची फोड. कडेची ही फळी मला दे," त्यांनी तिथल्या खाचेवर बोट ठेवलं.

त्यांचा मुलगा श्वेइशंग नावेच्या याच जागेवरून पाण्यात पडून बुडाला होता, नदीच्या भर मध्यावर. काकूंनी तिथल्या तिथे विळ्याने खाच पाडली. तेव्हापासून नाव मध्यावर आली की त्या खाचेखाली भात सोडायच्या.

गावाला हसायला आयतंच मिळालं. आमच्याच छू मुलखातल्या एका शहाण्याची चालत्या नावेतून तलवार पडली. त्याने नावेवर खूण कोरली आणि किनाऱ्याला लागल्यावर त्या खुणेखाली उडी मारली. 'नाव कोरून तलवार शोधणे' ही म्हण तेव्हाची. तलवार अजून सापडलेली नाही, पण मूर्ख दाखवायचा झाला की सगळ्या चीनला आमच्याकडचाच लागतो.

पुलाच्या कठड्यावर रेललेले गुओ मास्तर म्हणाले, "काकू, आता नाव हलत नाही. आता खूण अगदी बरोबर. पण भात सोडायचा तर इथून सोडा की."

"तो काय पुलावरून पडला होता?"

"मास्तर," पांग म्हणाला, "कठड्याला फार टेकू नका. नवीन बांधकाम आहे."

मास्तर सरळ उभे राहिले आणि निघून गेले.

पांगने करवत उचलली, पुन्हा खाली ठेवली. "काकू, ही फळी तुमची नाही. जुनी कुजली होती. मी बदलली. ही खाच मी पाडलेली आहे."

"माहीत आहे. माझी तिरकी होती. नाव हलत होती ना."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलू? म्हटलं, माझ्याशिवाय आणखी कोणाच्या तरी लक्षात आहे."

पांग करवतीची धार बघत राहिला.

"एकदा नेऊन आण," काकू म्हणाल्या.

"तळ काढलाय, काकू."

"मग हळू ने."

काकू चढल्या आणि खाचेपाशी बसल्या. पांगने आजूबाजूला पाहिलं, वल्हं घेतलं, मागे जाऊन उभा राहिला. वाळूत वल्हं टेकवलं. बराच वेळ ते मागे-पुढे करत राहिला.

"आलो, काकू. मध्यावर आलो."

काकूंनी हात कडेबाहेर नेला आणि भात सोडला.

दोघांपैकी कोणीही खाली पाहिलं नाही.