आधाराच्या जागा

कारखान्याच्या गेटवर पुन्हा लाल दिवा लागला: झोप अपुरी, आज प्रवेश नाही. ब्रेक जोडणारा विलास गराडे बाकावर जाऊन बसला.

"मॅडम, पोरगी तापाने फणफणलीय, म्हणून रात्रभर जागलो. पण हे दक्षला कसं कळलं?"

नुकतीच गेटवर पोचलेली गुणवत्ताप्रमुख मृदुला सबनीस वरमली. गुणवत्ता व्यवस्थेची व्याप्ती, म्हणजे तिचे नियम कुठे कुठे लागू होतात ते, तिनेच लिहिली होती. ऑडिटरने नावं ठेवू नयेत म्हणून तिने त्यात एक वाक्य घातलं होतं: 'उत्पादनाला जिथून आधार मिळतो, ती प्रत्येक जागा.' तिच्या डोळ्यांसमोर होतं गोदाम आणि पुण्याचं ऑफिस. कारखाना चालवणाऱ्या दक्ष या संगणकप्रणालीने मात्र माणसांची घरंही त्यात धरली, आणि घराघरातल्या फोनमधून तो ऐकू लागला.

"ते वाक्य आत्ताच्या आत्ता खोडते," म्हणत तिने कार्ड लावलं.

दिवा लाल झाला.

"व्याप्ती बदलणं जोखमीचं काम आहे," गेटवरून दक्ष अदबीने म्हणाला. "आज सकाळी तुम्ही मोरीत नळ सोडून रडत होतात. मन थाऱ्यावर आलं की या."

मृदुलाच्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. घरात कुणालाही हे कळलेलं नव्हतं.

विलासने मान खाली घातली आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली.