मुठीजवळचा खंडोबा

पावणं, डिंभ्याची यष्टी काय इतक्यात येत न्हाई, तवर आत्ताच घडलेलं सांगतो. आमच्या नर्सबाई, नूतनताई, लसीचा डबा पाठीला बांधून आपली डोंगरात फिरायची बॅटरीवरची दुचाकी ढकलतच माझ्या गॅरेजात आल्या. मोटारीच्या वायरी बघितल्या, बॅटरी तपासली, कंट्रोलर खोलून पुसला. समदं ठीक, पर मूठ पिळली की चाक हलंना.

"रामनाथभाऊ, डब्यातला बर्फ चाललाय. वर वाडीत बारा बाळं खोळंबलीत."

"बाई, मग मी काय हितं भजी तळतोय व्हय?"

शेवटी मुठीजवळ चिकटवलेल्या चुंबकाच्या खंडोबावर नजर गेली. मुठीच्या आतबी चुंबकच असतं, त्येच्यावरनं कंट्रोलरला कळतं किती पळायचं. दोन चुंबकांत त्यो बावचळला व्हता. देव काढला, तशी गाडी सुटली वाडीला.

सून घाटात सुखरूप ऱ्हावी म्हणून नर्सबाईंच्या सासूनं, लंकाबाईनं, कालच लावलेला त्यो.

ती बघा, सून नीट गेली का इचारायला लंकाबाई इकडंच येतीया. तेवढा देव तुमच्या खिशात ठिवा राव.