निरोप पाठवला

खाटेजवळचं बटण दाबलं, की नर्सच्या खोलीतून उत्तर येईपर्यंत पेशंटसमोरचा स्क्रीन गोठून बसायचा. प्रोग्रामरने ते उत्तराचं लचांडच काढून टाकलं. निरोप पाठवायचा आणि मोकळं व्हायचं.

"म्हणजे आमच्या सुनेसारखंच," नऊ नंबरच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले. "बोलून मोकळी! समोरच्याने ऐकलं की नाही, याचं सोयरसुतक नाही."

सगळे खो खो हसले. मग पठ्ठ्याने डॉक्टरांना दाखवायला नर्सच्या खोलीतलं घंटीचं मशीनच बंद केलं आणि आजोबांचं बटण दाबलं. स्क्रीनवर चटकन हिरवी अक्षरं उमटली, 'निरोप पाठवला'. अडकणं नाही, गोठणं नाही! डॉक्टरांनी पाठ थोपटली, चहा झाला आणि गडी हवेत तरंगत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दात घासताना त्याला आठवलं, की मशीन परत सुरू करायचं राहूनच गेलं. तो तसाच धावत सुटला.

वॉर्डाच्या दारातच सिस्टर भेटल्या.



"झकास काम केलंत हो दादा, कालपासून एकदाही घंटी वाजली नाही. पहाटे नऊ नंबरचे आजोबा गेले, पण बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत कुणाला हाक म्हणून मारली नाही."