एकच इंजेक्शन

"ताई, तुझ्या पंजावर हिरवे डाग आलेत," चंद्रपूरहून ओजस हेडफोनमध्ये म्हणाला.

नाशिकच्या घरी शलाकाने स्क्रीनवरच्या आपल्या पाणबुड्याचा हात न्याहाळला. तो स्वच्छ होता. उलट समोर पोहणाऱ्या भावाच्या पाणबुड्याचाच पंजा तिला हिरवागार दिसत होता.

"म्हणजे या गेममध्ये स्वतःचा आजार स्वतःला दिसतच नाही," ती म्हणाली. "लागण दोघांनाही झालीय, आणि माझ्याकडे इंजेक्शन एकच आहे."

"मग तूच घे." एवढं बोलून तो गप्प झाला.

दोन महिने त्या समुद्रात दोघं बरोबरीने तगले होते. आता एकटीने पुढे जाणं तिच्या जिवावर आलं. ठरवता ठरवता बराच वेळ गेला. तेवढ्यात ओजसच्या पाणबुड्याने वळून तिच्यापुढे हात पसरला. हवंय तर सांगायचं ना सरळ, असं म्हणत तिने हसून इंजेक्शन त्याच्या दंडात टोचलं.

फोन वाजला. ओजसच होता.

"ताई, इथली वीज गेली, दहा मिनिटं झाली. तेव्हापासून तुला फोन लावतोय, आत्ता लागला. मी आत्ताच वाचलं, आजार पुरता भिनला की इंजेक्शनचाही उपयोग नाही, खेळणारा नसला तरी पाणबुड्या पोहत राहतो. माझ्यापासून लांब हो!"

पाणबुड्याने तिचा हात धरला होता आणि तो संथपणे खोल काळोखाकडे निघाला होता. शलाकाने मागे फिरायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. तिचा पाणबुड्या वळला नाही. तोही आता आपणहून पाय मारत होता.