जयराज येईस्तोवर

ऐक गड्या, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आपली क्रांती सध्या मिरजेला एका डॉक्टरांच्या संशोधनात काम करते, माहितीय ना? ज्यांच्या हृदयाचे ठोके मधेच सैरावैरा सुटतात, त्यांच्या छातीत कातडीखाली एक यंत्र बसवतात. ठोके बिघडले की ते आतूनच शॉक देतं आणि माणूस परत येतो. पण माणूस म्हातारा झाला, हृदयच थकलं, औषधांनी हात टेकले, तर त्या शॉकचं काय करायचं? हेच त्यांचं संशोधन. क्रांती अशांच्या घरी जाते, यंत्र तपासते, आणि पेशंट म्हणाला तर शॉक बंद करून येते. मग पुढच्या वेळी ठोके बिघडले की माणूस गुमान जातो. सुई नाही, चिरफाड नाही. छातीवर चकती ठेवायची, मशीनवर बटण दाबायचं. झालं.

तर साताऱ्याच्या पलीकडं एक गाव. घरटी एक फौजी. तिथले केरबाआबा, रिटायर सुभेदार.

क्रांती दारात पोचली तेवढ्यात आतून खाट करकरली. आत गेली तर आबा पांढरेफटक पडलेले आणि त्यांची बायको चंद्राबाई त्यांचा हात धरून बसलेली.

"सकाळधरनं शॉक चालूच हायेत," चंद्राबाई म्हणाली. रडत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं तिनं.

कोपऱ्यात आबांचे पलटणीतले सोबती ज्योतिबा तंबाखू मळत होते. "केरबा, तुज्या छातीत एवडी बॅटरी, आन माज्या टॉर्चला सेल न्हाई. दे की काडून."

"मी गेल्यावर ने. आत्ता लागतीया," आबा म्हणाले आणि हसले. हसताना पण जपून, न जाणो ठोका बिघडायचा.

क्रांतीनं बॅग उघडली. "आबा, आज बंद करू?"

"करायचंच हाय, पोरी. डॉक्टरास्नी मीच सांगितलंय न्हवं? पण जयराज येऊ दे. त्याच्या हातचं पाणी पितो, मग दाब तुजं बटण."

जयराज म्हणजे एकुलता एक पोरगा. तोही फौजेत, पार वर बर्फात. कळवल्याबरोबर रजा मिळाली होती त्याला. पण आधी बर्फानं रस्ता बंद, मग जम्मूत गाडी चुकली, आता दिल्लीत रिझर्वेशन मिळेना. रोज फोन, रोज नवी अडचण. आणि इकडं आबा शॉक खात वाट बघत होते.

"कसं वाटतं आबा, शॉक बसल्यावर?" क्रांतीला हे विचारावंच लागतं, कामच आहे ते.

"आतनं बैल लाथ हाणतोय, असं लिव तुज्या डॉक्टराला. आन बैल आपलाच हाय, त्यामुळं..."

वाक्य तिथंच राहिलं. डोळे फिरले. आणि धाड्! अंग खाटेवरनं वर उडालं. क्रांतीचा हात त्यांच्या दंडावर होता, तिच्या बोटांना मुंग्या आल्या. ज्योतिबांची तंबाखू सांडली. चंद्राबाईनं पदरानं आबांचं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला उठली.

क्रांतीनं अंगणात येऊन मिरजेला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "पेशंट शुद्धीत आहे आणि थांब म्हणतोय. मग थांबायचं."

थांबली. यंत्रातली माहिती उतरवून घेतली, चहा प्याली. पहिल्या पहिल्यांदा अशा घरातनं आली की तिला जेवण जायचं नाही. आता काहीच होत नाही. ती स्वतःच सांगते, मेल्यासारखं झालंय आत.

निघताना चंद्राबाई फाटकापर्यंत आली.

"काकी, किती शॉक बसतायत ते जयराजला सांगितलंय?"

"न्हाई बाय. वाटंत जिवाला घोर कशाला? आबा बराय, म्हणते. फकस्त सांगितलंय, तू आलास की मशीन बंद करणार हायेत, बिगीनं ये."

"नंबर द्या. मी सांगते त्याला."

साताऱ्याच्या स्टँडवर मिरजेची गाडी लागायला वेळ होता. क्रांती कँटीनमध्ये बसली. कसं बोलायचं ते मनात जुळवलं. विमानानं या म्हणायचं, साहेबाच्या पाया पडा म्हणायचं, पण उद्या या. आबांच्यात आता दम नाही. नंबर लावला.

मागच्या टेबलावर एक फोन वाजला. तिनं लक्ष दिलं नाही. स्टँडवर काय, वाजतच असतात.

मग "हॅलो" आलं. एक कानात, एक पाठीमागनं.

"मिरजेहून क्रांती बोलतेय. तुमच्या वडिलांच्या मशीनचं काम मी बघते. कुठं पोचलात?"

"दिल्लीतच हाय, मॅडम. गाडी मिळंना," दोन्हीकडनं आवाज आला.

ती वळली. पायाशी ट्रंक, मांडीवर हिरवी किटबॅग, टोपी डोळ्यांवर ओढलेली. कँटीनवाला त्याच्यापुढं ग्लास आपटत म्हणत होता, "फौजी, आज तरी गावची गाडी धरणार का? आठवडा झाला, हितंच मुक्काम ठोकलाय."

क्रांतीनं फोन खाली घेतला. त्यानं तिच्याकडं बघितलं, तिच्या बॅगेकडं बघितलं, आणि त्यानंही घेतला.

"मी घरात पाऊल टाकलं की आबांचं मशीन बंद करणार तुमी. व्हय न्हवं?"

"हो."

"मग मी जात न्हाई तवर आबा हायेत," जयराज म्हणाला. समोर फलाटाला त्याच्या गावची गाडी लागली होती, तिच्याकडं त्यानं मान वळवून पण बघितलं नाही. आता सांग गड्या, क्रांतीच्या जागी तू काय केलं असतंस?