विश्वासातला आवाज

कानयंत्रातल्या बातम्या ऐकताना कुमुद गालातल्या गालात हसली आणि टिपणीसांना चहा कडू लागला. हल्ली ज्याच्यावर आपला सर्वांत जास्त विश्वास, त्याच्याच आवाजात प्रत्येकाला बातम्या ऐकू येत. लोकांची मतं फिरवण्याचा हा उपाय गुप्तचर खात्यात असताना टिपणीसांनीच सुचवला होता.

"यंदा मी दुसऱ्या पक्षाला मत देणारेय," कुमुद म्हणाली.

टिपणीसांनी वर्षानुवर्षं डोकं फोडूनही बायकोनं आपला पक्ष कधी सोडला नव्हता.

"कोण बोलतो गं तुझ्या कानात?"

"आहेत एकजण."

ती कानयंत्र काढून देवापाशी दिवा लावायला उठली, तसं त्यांनी ते उचलून कानाला लावलं. तिच्या कॉलेजातला तो नाटकवाला राजाध्यक्षच असणार.

"दमलीस का गं, कुमू? बस जरा. मग सांगतो."

आवाज त्यांचाच होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला.

ती परत येताच टिपणीसांनी घसा खाकरला. "दमलीस का गं, कुमू?"

"थांबा जरा," कानयंत्र लावत ती म्हणाली, "त्यांचं बोलणं संपू दे."